गाडी तळकोकणात, माहिती गावभर

सुट्ट्या लागल्या की कोल्हापुरातल्या कितीतरी गाड्यांची तोंडं तळकोकणाकडे वळतात. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. पहाटे निघालं तर न्याहारी वाटेत आणि दुपारी थेट सुरमईचं ताट. निघण्याआधी टायरची हवा बघितली जाते, स्टेपनी बघितली जाते, आजींच्या गोळ्या मोजून घेतल्या जातात. पण घरातले पाच-सहा फोन, आधारच्या प्रती आणि स्टेटसवरचे फोटो यांतून दोन-तीन दिवसांत काय काय बाहेर जाणार आहे, ते कोणी बघत नाही. यातलं बरंचसं निघण्यापूर्वी अर्धा तास दिला तर थांबतं. काही गोष्टी थांबवता येत नाहीत आणि काहींची उगाच भीती घातली जाते. त्या कोणत्या, तेही सांगू.

आधी कायद्याचं, कारण गैरसमज तिथे जास्त

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो येतो. याचिका होती कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची. हा हक्क मुख्यतः सरकारला आवर घालण्यासाठी आहे. ॲपवाले, बुकिंग कंपन्या, हॉटेलं यांच्यासाठी वेगळा कायदा झाला, तो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या तिथून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात.

कायद्याचा गाभा सोपा आहे. तुमची माहिती कशासाठी घेतोय हे आधी सांगायचं, तेवढ्यासाठीच वापरायची, काम संपलं की काढून टाकायची. संमती मोकळेपणाने दिलेली हवी. एका कामासाठी घेतलेली संमती दुसऱ्या कामाला चालत नाही. दिलेली संमती मागे घेता येते, माहिती दुरुस्त करून किंवा पुसून मागता येते. १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमून जाहिराती दाखवायला बंदी आहे. दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपयांपर्यंत जाते.

हे सगळं वाचून निर्धास्त व्हायचं कारण नाही, कारण तीन गोष्टी या कायद्याच्या बाहेर राहतात. पहिली, कागद. माहिती डिजिटल स्वरूपात घेतलेली असेल किंवा कागदावरून नंतर डिजिटल केली असेल, तरच हा कायदा लागतो. लॉजच्या काउंटरखालचा झेरॉक्सचा गठ्ठा कोणी स्कॅन करत नाही तोवर कायद्याच्या कक्षेबाहेरच असतो. दुसरी, घरगुती वापर. एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी काही केलं तर त्याला सूट आहे. काकांनी तुमच्या मुलीचा पोहतानाचा फोटो स्टेटसला ठेवला, तर या कायद्याखाली काकांची तक्रार होत नाही. तिसरी, तुम्ही स्वतःच चारचौघांसाठी खुली केलेली माहिती. फेसबुकवर सार्वजनिक पोस्ट टाकून ‘माझी माहिती का वापरली’ असं विचारायला हा कायदा जागा देत नाही.

आता सहलीत माहिती सांडते कुठे ते बघा. झेरॉक्स, नातेवाइकांचे फोन आणि आपल्याच पोस्ट. बरोबर याच तीन जागा! म्हणून घरच्या सहलीत कायद्याच्या कलमांपेक्षा निघण्याआधी घरात झालेली बोलणी जास्त कामाला येतात.

आधारची प्रत: सगळ्यात मोठी गळती

लॉजवाला ओळखपत्र मागतो ते बरोबरच आहे. राहणाऱ्यांची नोंद ठेवणं पोलिसांच्या नियमाने त्याला भाग असतं. पण ते ओळखपत्र आधारच हवं, असं नाही. ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, काहीही फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र चालतं. २०१८ च्या आधार निकालाने खासगी आस्थापनांना आधारची सक्ती करण्याची वाटही बंद केली. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स असतंच, ते पुढे करा. त्यावर पत्ता असतो हे खरं, पण बँक आणि सिमकार्ड जोडलेला आकडा नसतो.

आधारच द्यायचं असेल तर मास्क्ड आधार द्या. त्यात १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. मायआधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जायचं, ‘डाउनलोड आधार’ निवडायचं आणि ‘मास्क्ड आधार हवं का’ या चौकटीत खूण करायची. ही खूण राहून गेली तर पूर्ण आकड्यांची प्रत येते; लोक इथेच चुकतात. उतरलेली पीडीएफ पासवर्डने बंद असते. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. याचा अर्थ, ज्याला तुमचं नाव आणि जन्मसाल ठाऊक आहे त्याला ती फाईल उघडता येते. त्या पासवर्डवर फार विसंबू नका.

पुढची गळती लॉजवर नसते, आपल्याच गल्लीत असते. प्रत छापायची म्हणून आपण झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर फाईल पाठवतो, खाली पासवर्डही लिहून देतो. त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडं असतं, फाईल ‘डाउनलोड्स’मध्ये उतरते आणि दोन रुपयांची छपाई झाल्यावर तिथेच राहते. आधी आलेल्या गिऱ्हाइकांच्या मार्कशीट, सातबारा, पॅनकार्डांच्या शेजारी. झेरॉक्सवाल्याच्या मनात काही नसतंच बहुधा; पण तो कॉम्प्युटर दिवसभरात दहा जण हाताळतात, कोणी पेनड्राइव्ह लावतं, कोणी स्वतःचा मेल उघडून तसाच ठेवून जातं. तेव्हा पासवर्ड चॅटमध्ये न लिहिता कीबोर्ड आपल्याकडे घेऊन टाका. छपाई झाली की फाईल डाउनलोड्समधून आणि मग रिसायकल बिनमधून, दोन्ही ठिकाणांहून आपल्यासमोर काढायला लावा, आणि आपल्या चॅटवरून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा. सांगायला संकोच वाटू देऊ नका, नेहमीचा माणूस असला तरी. घरी प्रिंटर असेल तर हा प्रश्नच मिटला.

छापलेल्या प्रतीवर पेनाने आडवं लिहा: ‘फक्त अमुक लॉजमध्ये राहण्यासाठी’, तारीख आणि सही. अक्षरांचा थोडा भाग फोटोवरून जाऊ द्या, म्हणजे ती प्रत कापून दुसरीकडे वापरता येत नाही. काही लॉजवाले बुकिंगच्या वेळीच ‘सगळ्यांचे आधार व्हॉट्सॲप करा’ म्हणतात. तिथे ‘आल्यावर दाखवतो’ एवढं उत्तर पुरतं. पाठवलेला फोटो मालकाच्या गॅलरीत जातो, तिथून त्याच्या क्लाउड बॅकअपमध्ये, मॅनेजरच्या फोनमध्ये. नंतर चॅटमधून पुसला तरी गॅलरीतली प्रत जाईलच असं नाही. शिवाय ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची मुदत सुमारे दोन दिवसांचीच असते.

याच विषयावर २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने ‘आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका’ असं पत्रक काढलं होतं आणि दोनच दिवसांत, २९ मे रोजी, सरकारने ते मागे घेतलं. घबराट नको म्हणून मागे घेतलं असेल, पण मास्क्ड आधार वापरण्याचा त्यातला सल्ला आजही तितकाच खरा आहे.

फोटोत काय काय बसलेलं असतं

फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या फाईलमध्ये चित्राखेरीज बारीक नोंदी असतात: तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हापुढे चार आकडे असले तर जागा ११ मीटरपर्यंत नेमकी होते, पाच असले तर एका मीटरपर्यंत. जीपीएस स्वतः काही मीटर चुकतो, पण राजारामपुरीतली कुठली गल्ली आणि त्यातलं साधारण कुठलं घर, हे कळायला एवढं पुरे होतं.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि त्यात या नोंदी गळून पडतात. पण आपल्याकडे ‘फोटो फाटतो, डॉक्युमेंट म्हणून पाठव’ ही सवय आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाईल जशीच्या तशी जाते, लोकेशनसकट. मेलनेही तशीच जाते. दारात सामान भरतानाचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पन्नास जणांच्या ग्रुपवर गेला, की घराची जागा, निघाल्याची वेळ आणि गाडीचा नंबर एकाच फाईलमध्ये गेला.

उपाय कॅमेऱ्यातच आहे. अँड्रॉइडवर कॅमेरा उघडून सेटिंग्जमध्ये ‘लोकेशन टॅग’ किंवा ‘सेव्ह लोकेशन’ बंद करा. नाव कंपनीनुसार थोडं बदलतं. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा, आणि तिथे ‘नेव्हर’. आयफोनवरून एखादा जुना फोटो पाठवायचा असेल तर शेअर करताना वर ‘ऑप्शन्स’ दिसतं, त्यात लोकेशन बंद करता येतं. यातलं काहीच जमत नसेल तर फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवा. दर्जा थोडा उतरतो, जागेची नोंद जाते.

नोंदी काढल्या म्हणजे फोटो कोरा झाला असं नाही. नंबरप्लेट, दारावरची पाटी, मुलाच्या टी-शर्टवरचं शाळेचं नाव हे चित्रातच असतं. तिथे डोळेच वापरायला हवेत.

आता स्टेटस. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तास राहतं आणि ज्यांचे नंबर तुमच्याकडे व तुमचा नंबर ज्यांच्याकडे सेव्ह आहे, अशा सगळ्यांना दिसतं. आपल्या फोनमध्ये असतं कोण? दूधवाला, गॅसवाला, प्लंबर, जुनी भाडेकरू, तीन वर्षांपूर्वी कपाट बसवून गेलेला सुतार. यातले बहुतेक जण सज्जनच. पण ‘तारकर्ली डे वन’ लिहिलेला फोटो त्या सगळ्यांना एकच बातमी देतो की घराला कुलूप आहे आणि परवापर्यंत राहणार आहे. स्टेटसच्या प्रायव्हसीमध्ये ‘ओन्ली शेअर विथ’ निवडून दहा-पंधरा जवळची नावं टाकता येतात. सोपा मार्ग म्हणजे फोटो परत आल्यावर टाकायचे. समुद्र तोवर तोच असतो!

मुलांच्या फोटोंबाबत घरात सरळ नियम ठरवावा: कपडे बदलताना, पोहताना, अंघोळीचे फोटो कुणीच कुठेही टाकायचे नाहीत; दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना विचारून टाकायचे. हे काका-मामांना सहलीच्या आधी सांगितलं तर वाईट वाटत नाही. स्टेटस पडल्यावर सांगितलं की रुसवे होतात.

लोकेशन: कुठलं आपोआप थांबतं, कुठलं नाही

दोन गाड्या मिळून निघाल्या असतील तर लाइव्ह लोकेशन कामाचंच आहे. व्हॉट्सॲपवर ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास एवढ्यासाठीच देता येतं आणि मुदत संपली की आपोआप बंद होतं. गुगल मॅप्सच्या लोकेशन शेअरिंगमध्ये मात्र ‘मी बंद करेपर्यंत’ असाही पर्याय असतो. घाईत तो दाबला जातो आणि सहल संपून महिने झाले तरी मेहुण्याला तुम्ही कुठे आहात ते दिसत राहतं. आत्ताच बघून घ्या: मॅप्स उघडा, वर उजवीकडे स्वतःच्या फोटोवर टॅप, ‘लोकेशन शेअरिंग’. तिथे कुणाचं नाव असेल आणि ते का आहे हे आठवत नसेल तर बंद करा.

दाजीपूरच्या जंगलपट्ट्यात आणि घाटात रेंज जाते. लाइव्ह लोकेशन तिथे शेवटच्या ठिकाणी गोठतं आणि घरी बसलेले घाबरतात. ‘घाटात तासभर संपर्क होणार नाही’ हे आधीच सांगून ठेवा. त्याच पट्ट्यासाठी ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवावा: मॅप्समध्ये फोटोवर टॅप, ‘ऑफलाइन मॅप्स’, ‘सिलेक्ट युअर ओन मॅप’, चौकट कोल्हापूरपासून मालवणपर्यंत ओढायची आणि घरच्या वायफायवर डाउनलोड. वाहतुकीची ताजी माहिती त्यात मिळत नाही, रस्ता मात्र दिसतो. नकाशा एका फोनवर चालू असला की बाकीच्यांचं लोकेशन बंद ठेवायला हरकत नाही, बॅटरीही वाचते.

गुगलची ‘टाइमलाइन’ ही वेगळी गोष्ट. तुम्ही कुठे किती वेळ होता याची ती डायरी ठेवते. हल्ली ती फोनवरच साठते, आणि ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी आपोआप पुसली जावी असं ठरवता येतं. नको असेल तर पूर्ण बंद करा. पण ती बंद केली तरी ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ चालू राहिली, तर मॅप्समध्ये शोधलेल्या जागांची नोंद गुगलच्या खात्यात होतच राहते. दोन्ही खटके वेगळे आहेत, हे बहुतेकांना माहीत नसतं.

बाकीच्या ॲपांना ‘अलाउ ओन्ली व्हाइल युजिंग’ किंवा ‘ओन्ली धिस टाइम’ एवढीच परवानगी द्या. अँड्रॉइड १२ पासून ‘ॲप्रॉक्सिमेट’ असा पर्याय आहे, त्यात नेमकी जागा न जाता साधारण परिसरच जातो. हवामानाच्या ॲपला तेवढं पुरतं. टॉर्चच्या किंवा पत्त्यांच्या खेळाच्या ॲपने लोकेशन मागितलं तर ते ॲपच काढून टाका. मागच्या सीटवर पोरांच्या हातात फोन देताना ॲप पिन करून द्यावं. सेटिंग्जमध्ये ‘ॲप पिनिंग’ चालू करायचं आणि ‘अनपिन करताना पिन विचारा’ ही खूणही करायची. आयफोनवर हेच काम ‘गायडेड ॲक्सेस’ करतं. नाक्यावर पोलिसांना डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स दाखवतानाही याचा उपयोग होतो. ही डिजिटल कागदपत्रं ग्राह्य असतात, पण त्यासाठी अख्खा फोन उघडा हातात द्यायची गरज नाही.

गाडी आणि फास्टॅग

भाड्याची एर्टिगा किंवा इनोव्हा असेल तर गाण्यांसाठी फोन ब्लूटूथला जोडला जातो. जोडताना फोन विचारतो: कॉन्टॅक्ट्स आणि कॉल हिस्टरीची परवानगी द्यायची का? गाणी ऐकायला ती लागत नाही. दिली तर तुमची सगळी नावं-नंबर गाडीच्या सिस्टिममध्ये उतरतात आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही दिसू शकतात. गाडी सोडताना स्क्रीनवरच्या ‘पेअर्ड डिव्हाइसेस’मधून आपला फोन काढा आणि गाडीच्या नकाशात घराचा पत्ता टाकला असेल तर तोही पुसा. फक्त फोनमधून ‘फर्गेट’ केलं तर गाडीतली प्रत राहू शकते.

फास्टॅगची गोष्ट वेगळी. पुण्याकडे जाताना किणी आणि तासवडे, बेळगावकडे जाताना कोगनोळी. नाक्यावर टॅग वाचला गेला की नाका, वेळ, रक्कम यांचा संदेश टॅगशी जोडलेल्या मोबाइलवर जातो. जुनी गाडी घेतली आणि टॅग आधीच्या मालकाच्याच नावावर राहिला, तर तुमच्या प्रत्येक फेरीची वर्दी त्याला मिळते. शिवाय पैसे त्याचे कटतात, म्हणजे भांडण ठरलेलं. गाडी नावावर झाली की त्याला टॅग बंद करायला सांगा आणि आपल्या नावाने, आपल्या नंबरवर नवा घ्या. टोलशी दोन हात करायची कोल्हापूरकरांना सवय आहे, पण नाक्यावरची ही नोंद काही टळत नाही. टॅग वापरायचा तर नोंद राहणारच.

प्रवासानंतर ‘तुमच्या गाडीचं चालान’ म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) आली तर ती उघडू नका. खरं ई-चालान फाईलच्या रूपात इन्स्टॉल करायला कधी येत नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून ते बघता येतं. एपीके टाकलं की ते संदेश वाचण्याची परवानगी मागतं, बँकेचे ओटीपी तिकडे जातात आणि खातं रिकामं होतं.

खोलीत शिरल्यावर

लॉजच्या वायफायला लोक फार घाबरतात. आज बहुतेक संकेतस्थळं आणि बँकांची ॲप्स माहिती कुलूपबंद करूनच पाठवतात, त्यामुळे शेजारच्या खोलीतला माणूस तुमचा पासवर्ड वाचेल ही शक्यता कमी आहे. वायफाय चालवणाऱ्याला तुम्ही कुठल्या संकेतस्थळावर गेलात ते कळू शकतं, आत काय केलं ते नाही. पैशाचे व्यवहार मोबाइल डेटावर करा, झालं. चार्जिंगच्या केबलमधून डेटा चोरीला जातो ही भीतीही वाजवीपेक्षा मोठी आहे. फोन अनोळखी यूएसबीला लावल्यावर ‘फाईल ट्रान्सफर’ विचारलं तर नाही म्हणायचं. स्वतःचा अडॅप्टर थेट प्लगला लावला तर तोही प्रश्न येत नाही.

खरा घोटाळा स्मार्ट टीव्हीवर होतो. पोरं यूट्यूब किंवा ओटीटी लावण्यासाठी वडिलांच्या खात्याने लॉगिन करतात आणि निघताना कुणाच्याच लक्षात राहत नाही. पुढचा पाहुणा तुमच्या खात्यावर बसून, तुम्ही काय बघता ते बघतो. यूट्यूबचं लॉगिन हे गुगल खात्याचं लॉगिन असतं, म्हणून हे जरा जास्तच महत्त्वाचं. निघून आल्यावर आठवलं तरी उशीर झालेला नसतो: गुगल खात्यात ‘सिक्युरिटी’, ‘युअर डिव्हाइसेस’, टीव्हीचं नाव निवडा, साइन आउट. ओटीटी ॲपांमध्येही ‘साइन आउट ऑफ ऑल डिव्हाइसेस’ असतं.

लपवलेल्या कॅमेऱ्यांबद्दल. पाच मिनिटं बघायला हरकत नाही. पलंगाकडे किंवा बाथरूमकडे तोंड असलेल्या वस्तू तपासा: धुराचा सेन्सर, घड्याळ, सेट टॉप बॉक्स, भिंतीला कायम लावलेला अडॅप्टर. दिवे घालवून टॉर्च डोळ्यांजवळ धरून हळूहळू फिरवला तर भिंगावरून बारीक ठिपका चमकतो. अंधारात चित्रण करणारे कॅमेरे इन्फ्रारेड दिवे वापरतात. ते फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात अनेकदा जांभळट-पांढरे दिसतात. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा फिल्टर असतो, म्हणून पुढचा वापरायचा. आरशाला बोट लावून बघण्याची जी युक्ती फिरते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. आरशाच्या जातीप्रमाणे निकाल बदलतो.

समुद्रावरची आणखी एक जागा सुटते. स्कूबा आणि पॅरासेलिंगच्या ठिकाणी नाव-नंबर लिहून घेतात, ते सुरक्षिततेसाठी योग्यच. पण चित्रीकरण त्यांच्या कॅमेऱ्यावर होतं आणि मूळ फाईल त्यांच्याकडे राहते. पाण्यात उतरण्याआधी एकदाच विचारा: व्हिडिओ तुमच्या पेजवर टाकणार का? नको असेल तर तसं सांगा, आणि सांगितलेलं व्हॉट्सॲपवर लिहूनही ठेवा. मुलं पाण्यात असतील तर हे आवर्जून करा.

काही घडलंच तर

खोलीत कॅमेरा सापडला तर त्याला हात लावू नका. जागेवरच त्याचे फोटो-व्हिडिओ घ्या, खोली सोडा आणि ११२ वर फोन करा. कुणाच्याही खासगी अवयवांचं त्याच्या संमतीविना चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्त्रीचं असं चित्रण केल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं आणि पहिल्याच गुन्ह्याला किमान १ वर्षाची कैद आहे. घटना मालवणात घडली आणि तुम्ही कोल्हापुरात परतलात, तरी इथल्या ठाण्यात तक्रार नोंदवता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदून तिकडे पाठवली जाते. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून ‘उद्या बँकेत जाऊन बघू’ म्हणू नये. फोटो-व्हिडिओचा गैरवापर झाला असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. तक्रारीआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात पोस्टचा पूर्ण पत्ता, खात्याचं नाव आणि वेळ दिसली पाहिजे. लोक रागाच्या भरात आधी पोस्ट काढायला लावतात आणि मग पोलिसांना दाखवायला काही उरत नाही.